एक पायली पाठवजो

माझ्या हातून लिहिलं गेलेलं सगळ्यात वाईट पत्र एकाच दिवशी दोनशे घरी गेलं. मी तेव्हा मूल या गावच्या कॉलेजात कॉमर्स शिकवत होतो. पत्र फार सुबक होतं, कम्प्युटरवर छापलेलं, वर कॉलेजचं बोधचिन्ह, खाली प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का. ‘आपली मातृसंस्था आपणांस साद घालीत आहे’ असं एक वाक्य होतं त्यात. त्या वाक्यावर मी एक अख्खी दुपार घालवली होती. आज आठवलं की कानशिलं गरम होतात.

पण हे माझ्याबद्दल नाही, चाचांबद्दल आहे. चाचा आमच्या ऑफिसात जावक क्लार्क होते. कॉलेजातून बाहेर जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं. गावातल्या पिंजाऱ्यांच्या घरचे, वडील गाद्या भरायचे. स्वतः मॅट्रिकपर्यंत शिकलेले, म्हणजे ज्या कॉलेजात उभा जन्म काढला त्याचे ते विद्यार्थी कधीच नव्हते. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना चाचाच म्हणायचे. दसऱ्यापासून होळीपर्यंत अंगात एकच तपकिरी स्वेटर, आणि स्वेटरच्या बटणाला दोऱ्यानं बांधलेला बॉलपेन. पेन कोणी मागितला तर देत नसत. स्वतःच उठून त्या माणसाजवळ जात आणि त्याला तेवढ्या लांबीत लिहायला लावत.

कॉलेजच्या मागं भाताच्या गिरणीचं एक जुनं गोदाम भाड्यानं घेतलं होतं. तिथं मुलींची मेस आणि राहायची सोय. तीसेक मुली असायच्या. कोणी आलापल्लीच्या पुढची, कोणी सिरोंच्याकडची, कोणी मुलचेऱ्याच्या बंगाली वस्तीतली. ज्यांच्या गावाहून मूलला रोज येणं शक्यच नाही, अशा. या मेसला सरकारी अनुदान नव्हतं. ती चालायची जुन्या विद्यार्थ्यांनी दरसाल पाठवलेल्या तांदळावर. आणि तो तांदूळ यायचा चाचांच्या पोस्टकार्डांवर. एवढं समजलं की चाचा समजले.

मी नवीन नवीन रुजू झालो तेव्हाची गोष्ट. त्यांच्या टेबलासमोर एक रिकामी खुर्ची होती, तिच्यावर सहज बसलो. चाचांनी वर न बघता सांगितलं, ‘‘सर, उठा जी. तिथी सिरोंचेवाला बसला आहे.’’ मी उठलो. आजूबाजूला पाहिलं, कोणी नव्हतं. चाचा त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बोलू लागले, शेती कशी झाली, बाप बरा आहे का, आणि मग मान हलवत हलवत तेच कार्डावर उतरवू लागले. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. बाकीचा स्टाफ खाली मान घालून काम करत होता, त्यांना सवय झालेली.

प्रत्येक कार्ड ते असंच लिहायचे. आधी माणूस समोर बसवायचा, त्याच्याशी बोलायचं, त्याचं ऐकायचं, कधी कधी भांडायचंही. ‘नाई म्हनून राह्यला का? बरं बावा, पुढच्या साली दे,’ असं म्हणून खुर्चीवरच्याला निरोप दिलेला मी ऐकला आहे. बोलायचे तसंच लिहायचे. एक कार्ड मला अजून पाठ आहे, कारण मी ते चोरून वाचलं होतं.

‘तू तीच ना, जिनं टीसी घेताना रडून रडून माह्या टेबलावर शाई सांडवली? डाग अजून आहे. पोराले किती दात आले? औंदा मेसमधी एकोनतीस पोरी आहेत. एक तुह्याच गावाकडची आहे, भात लय खाते. तिच्यापुरती एक पायली पाठवजो. पिकलं नसंल त पाठवू नको, पन पत्र पाठवजो.’

खाली सही नाही. नुसतं ‘चाचा, मूल’. कार्डाला जवाबी कार्ड जोडलेलं, त्यावर कॉलेजचा पत्ता आधीच लिहिलेला.

हे सगळं त्यांना ठाऊक कुठून असायचं, हा प्रश्न मला पडला होता. उत्तर टीसीच्या दिवशी मिळालं. निकाल लागला की मुलंमुली टीसी न्यायला यायची. बाकी ऑफिसांत सही घेऊन कागद हातात देतात आणि पुढचा म्हणतात. चाचा टीसी दाबून ठेवायचे. घरी कोणत्या गाडीनं जाशील, गाडी कुठी बदलशील, गावात पत्र कोन वाचून दाखवते, आई तुले घरी काय म्हनून हाक मारते, हे सगळं विचारल्याशिवाय टीसी नाही. मुलं लाजायची, मुली हसायच्या, मागं रांग वाढत जायची. चाचा मात्र जर्नलच्या जुन्या पुठ्ठ्याच्या कापलेल्या तुकड्यावर सगळं लिहून घ्यायचे आणि तो तुकडा चपलांच्या एका खोक्यात टाकायचे. त्या खोक्यात वीस-बावीस वर्षांत शिकून गेलेली माणसं होती.

एकदा मी विचारलं की एवढ्या चौकशा कशाला. म्हणाले, माझा बाप गादी भरायच्या आधी घरच्यांना विचारायचा, हिच्यावर कोण झोपणार, किती जण झोपणार, लेकरू मुततं का. मग कापूस किती घालायचा ते ठरवायचा. एवढं सांगून परत कामाला लागले. मला त्या वेळी ते उत्तर वाटलंच नाही.

मागण्याची त्यांची तऱ्हा तर ऑफिसात चेष्टेचा विषय होती. मूलमधलाच एक जुना विद्यार्थी भाताच्या गिरणीचा मालक झाला होता. ट्रकनं तांदूळ जायचा त्याचा. चाचा त्याच्याकडेही एकच पायली मागायचे. अकाउंटंट कपाळावर हात मारायचा, अहो पोती मागा. चाचा ठाम. पोतं मागितलं तर तो एकदा देईल आणि मेसवर नावाची पाटी लावा म्हणेल, पायली मागितली तर मरेपर्यंत देत राहील, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, तो गिरणीवाला दर वर्षी स्वतः स्कूटरवर पिशवी घेऊन यायचा, मेसच्या दारात उभा राहून मुलींना नावं विचारायचा आणि लाजून निघून जायचा.

ज्याच्याकडे शेत नाही त्याच्याकडे जे असेल ते. एक जण एसटीत कंडक्टर होता. त्याच्याकडे मागितलं ते एवढंच, की टपावरची तांदळाची पिशवी वाटेत उतरू देऊ नको. मोहर्लीला एक वनरक्षक झाला होता, त्याच्याकडे मागितली वर्षातली एक सुट्टी. तो यायचा, मुलींना वाघाच्या गोष्टी सांगायचा, आणि मुली तोंड दाबून हसायच्या, कारण त्यातल्या निम्म्यांच्या घरामागून वाघ जायचा. तोही शेवटी त्यांच्याकडूनच दोन गोष्टी ऐकून परत जायचा. चाचा एवढ्यावरच खूश असायचे, माणूस आला ना.

वर्षातून एकदाच मागायचं, चुरणी झाली की, म्हणजे धानाची मळणी उरकली की. ज्यांनी दिलं नाही त्यांनाही आभाराचं कार्ड जायचं. त्यात काय लिहिता, असं मी विचारलं होतं. म्हणाले, ‘‘लिहितो का औंदा तुही आठवन आली.’’

आता माझा पराक्रम.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. नवे प्राचार्य आले होते, आणि कॉलेजचा दर्जा तपासायला बाहेरून समिती येणार होती. समितीला ‘माजी विद्यार्थी संपर्क’ नावाची फाइल हवी होती. प्राचार्यांनी चाचांचं चपलांचं खोकं पाहिलं आणि नाक मुरडलं. मी नुकताच कम्प्युटरचा कोर्स केला होता आणि ते मी गावभर सांगितलंही होतं. काम माझ्याकडे आलं. चाचांनी खोकं माझ्या हातात दिलं तेव्हा एवढंच म्हणाले की सर, जरा हलकं धरा, तळ गेला आहे त्याचा.

मी पंधरा दिवस बसून सगळी माहिती कम्प्युटरवर चढवली. नाव, पत्ता, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. बाकी गाडी, हाकेचं नाव, सांडलेली शाई, या गोष्टींना कम्प्युटरात रकानाच नव्हता. काम संपलं त्याच आठवड्यात प्राचार्यांनी ऑफिस साफ करायला घेतलं. जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढत होते. त्यांच्यावर मी ते खोकंही ठेवलं. माझ्याच हातानं. मला मोकळं वाटलं होतं त्या दिवशी, हे खोटं कशाला सांगू.

मग ते सुबक पत्र. समितीला पुरावा दाखवता यावा म्हणून मी प्राचार्यांना सुचवलं की सगळी पत्रं रजिस्टर पोस्टानं पाठवू, पोचपावतीसह. लांब खाकी लिफाफे, वर टाइप केलेला पत्ता, कोपऱ्यात गोल शिक्का. चाचांच्या जावक रजिस्टरात नोंद झाली, पण त्यांना मजकूर कोणी दाखवला नाही. त्यांनी एक लिफाफा हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, ‘‘सर, रजिस्टर काऊन जी? साधं कार्ड नाई चालत का?’’ मी त्यांना पोचपावतीचं महत्त्व समजावून सांगितलं. चांगली दहा मिनिटं समजावलं.

दिवाळीच्या आधीच लिफाफे परत यायला लागले. एक, चार, वीस, मग गठ्ठेच्या गठ्ठे. प्रत्येकावर पोस्टमनच्या अक्षरात एकच शेरा, ‘घेण्यास नकार, सबब परत’. कोणी कोणी घेतला होता, पण त्यांच्याकडूनही काही आलं नाही. मला आधी राग आला. म्हटलं, काय कृतघ्न लोक आहेत.

चाचांनी ते सगळे लिफाफे माझ्या टेबलावर आणून रचले आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर बसले. आवाज चढवला नाही. मला म्हणाले, ‘‘साहेब, आमच्या इकडच्या गावात रजिस्टर कवा येते मालूम आहे का? जंगलाच्या जमिनीची नोटीस आली का येते. कोर्टाचं बोलावनं आलं का येते. लोकायनं भिऊन घेतलं नाई. एकाचा बाप त दोन दिवस शेतात लपून होता म्हने.’’

मी सर होतो, त्या दिवशी साहेब झालो. ते मला फार लागलं. पुढचं त्याहून लागलं, कारण त्यांनी सहज विचारलं, खोकं कुठी आहे, आता कार्डं लिहायला घेतो. मी सांगितलं, रद्दीत गेलं. चाचांनी चष्मा काढला. उठून माठातलं पाणी प्याले. परत येऊन चष्मा लावला आणि म्हणाले, बरं. एवढंच. पुढचे आठ दिवस त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलणं ठेवलं, आणि त्यातही साहेब.

समिती आली. माझी फाइल पाहून फार खूश झाली. पोचपावत्यांची व्यवस्था त्यांना आदर्श वाटली. परत आलेल्या लिफाफ्यांचा गठ्ठा मी कपाटात कोंबला होता, त्याबद्दल कोणी विचारलं नाही.

तोवर धान कापून झालं, चुरणी झाली, गावोगाव तांदूळ घरात आला, आणि मेसमध्ये मात्र कोठीच्या तळाला झाडू लागायला लागला. प्राचार्यांनी सांगून टाकलं की संक्रांतीपर्यंत तांदूळ आला नाही तर मेस बंद, मुलींनी आपापल्या घरी जावं आणि परीक्षेपुरतं यावं. ते वाईट माणूस नव्हते, पण तांदूळ ते तरी कुठून आणणार.

त्या मुलींत मुलचेऱ्याकडची एक होती. बंगाली घरातली, बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या वर्गात पहिल्या बाकावर. मराठी शाळेत शिकलेली, पण र आणि ड अजून बंगालीच. मी तास संपवून निघालो तर ती दारात थांबली होती. म्हणाली, ‘‘सर, मेस बंद झाली तर बाबा न्यायला येणार. मुलगा बघून ठेवलाय त्यांनी. एकदा गेले तर परत येणं नाही होणार.’’ काही मागितलं नाही तिनं. नुसतं सांगितलं आणि गेली. तिचं पुढचं सगळं आयुष्य मी एका हातगाडीवर ठेवून दिलं होतं, आणि हे तिला ठाऊकही नव्हतं.

मी सरळ चाचांकडे गेलो. म्हटलं, चाचा, चुकलं माझं. काय करू ते सांगा. चाचांनी हातातलं रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, ‘‘पत्ते आहेत ना तुमच्या कम्प्युटरात? मंग तुमी पत्ते लिहा, सर. मजकुराच्या नादी लागू नका.’’

सर म्हणाले. मला एवढं बरं वाटलं की मी तिथंच मान फिरवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा पोस्टातून कार्डांचे गठ्ठे घेऊन मेसमध्ये गेले. आपली खुर्चीही उचलून नेली, ती रिकामी. मुलींना गोल बसवलं आणि सांगितलं की पोरीहो, खोक्यातली जुनी कार्डं वाळवीनं खाल्ली, आता माह्या डोक्यातून काढा लागते. वाळवी! मी कोपऱ्यात पत्त्यांचे कागद घेऊन बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी एक नाव वाचायचो. चाचा खुर्चीकडे पाहायचे, डोळे बारीक करायचे आणि माणूस येऊन बसायचा. हा तो, ज्यानं गॅदरिंगमध्ये राणीचं काम केलं आणि बांगड्या परत दिल्या नाहीत. ही ती, जिच्या आईनं टीसीच्या दिवशी माझ्यासाठी मोहाची फुलं आणली होती. ते बोलायचे, मुली लिहायच्या, आणि लिहिता लिहिता हसायच्या. मुलचेऱ्याची मुलगी सगळ्यात भरभर लिहायची. शेवटी एक ओळ तीच राहायची, एक पायली पाठवजो.

सगळे आठवत नव्हते. साठीला आलेली स्मरणशक्ती ती. चाचा नोकरीच्या शेवटच्या वर्षात होते. एखादं नाव वाचलं की खुर्ची रिकामीच राहायची. चाचा कासावीस व्हायचे, तोंडातल्या तोंडात गाड्यांची नावं घ्यायचे. मग कबूल करायचे आणि तसंच लिहायला लावायचे, ‘तुहं कार्ड वाळवीनं खाल्लं. तू कोन ते तूच लिहून पाठव. इथी तुही खुर्ची ठेवली आहे.’ दुसऱ्या दिवशी मात्र त्यातले दहा-अकरा जण त्यांना अचानक आठवले, अगदी गाडीच्या नावासकट. मी थक्क झालो. म्हटलं, काय डोकं आहे या माणसाचं.

तीन दुपारी गेल्या. चौथ्या दिवशी चाचा स्वतः पोस्टात जाऊन कार्डं टाकून आले.

आठवडा गेला, काही नाही. मी रोज एसटी स्टँडवर जायला लागलो होतो, काहीतरी कारण काढून. संक्रांतीच्या तीन दिवस आधी आलापल्लीकडून येणाऱ्या गाडीच्या टपावर मला पांढऱ्या पिशव्या दिसल्या. कंडक्टर खाली उतरून ओरडायला लागला की चाचाचं सामान उतरवा. एका पिशवीवर कोळशानं लिहिलं होतं, ‘चाचा, मूल’. मी त्या पिशवीवर हात ठेवून उभा राहिलो आणि भर स्टँडवर रडलो. हमाल मला विचारत होता, कोण वारलं.

मग तांदूळ रोजच येत राहिला. गिरणीवाला स्कूटरवरून आला. ज्यांना ‘तू कोन’ विचारलं होतं त्यांची तर पत्रं आली, ‘मी तोच, ज्यानं’ अशी सुरुवात करून. कोणी दोन कार्डं भरून लिहिलं होतं. एकानं लिहिलं होतं की मधी कॉलेजच्या नावानं कोणीतरी खोटी नोटीस पाठवत होतं, चाचा, सावध राहा. ते पत्र चाचांनी मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवलं. प्राचार्यांनी मेस बंद करायची गोष्ट पुन्हा काढली नाही, आणि मुलचेऱ्याची मुलगी परीक्षेला बसली, पुढच्या वर्षीही बसली.

त्यानंतर चाचा निवृत्त झाले, पण कार्डं लिहायला मेसच्या ओसरीवर येतच राहिले. मला नागपूरला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी निरोपाचा चहा झाला आणि चाचांनी मला त्या खुर्चीवर बसवलं. कोनत्या गाडीनं जाल, घरी काय म्हनतात तुमाले, सगळं विचारून पुठ्ठ्यावर लिहून घेतलं. मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

दर वर्षी नागपूरला त्यांचं कार्ड यायचं. सुरुवात ठरलेली, ‘सर, तुमी तेच ना, ज्यायनं दोनशे लोकाइले नोटिसा धाडल्या?’ पुढं घरच्यांची चौकशी, बायकोच्या गुडघ्याची, मुलाच्या परीक्षेची. आणि शेवटी ती नेहमीची ओळ नसायची. शेवटी असायचं, ‘तुमच्यापासी मागन्यासारखं काय आहे ते मले अजून समजलं नाई. समजलं का मागतो.’ मी चिडून एकदा तांदळाची गोणी विकत घेऊन पाठवली. आभाराचं कार्ड आलं. खाली तेच, ‘अजून समजलं नाई.’ बायको हसायची. मला ते वर्षभर टोचत राहायचं.

अशी पाच-सहा वर्षं गेली. सगळ्यांच्या खिशात मोबाईल आले. त्या साली कार्ड आलं ते कोण्या मुलीच्या अक्षरात. ‘सर, माहा हात कापते. समजलं काय मागायचं ते. या. कार्डं लिहा लागते.’

मी दुसऱ्याच दिवशी निघालो. चाचा ओसरीवर बसले होते, तोच तपकिरी स्वेटर. खूप वाळले होते. त्यांनी बटणाचा दोरा सोडला आणि पेन माझ्या हातात दिला. मी टेबलाशी बसलो. चाचा बोलत होते, मी लिहीत होतो, तसंच, त्यांच्या शब्दांत. एकदा ‘तुमची प्रकृती कशी आहे’ असं लिहिलं तर म्हणाले, सर, मातृसंस्था नका आनू मधी.

दुपारी मुलचेऱ्याच्या त्या मुलीचं नाव आलं. ती शिक्षिका झाली होती, लग्नही झालं होतं, तिच्या मनासारखं. चाचांनी एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग मला म्हणाले, हे तुमीच लिहा. काय लिहायचं ते मला ठाऊक होतं, हिंमत होत नव्हती. शेवटी लिहिलं, ‘तू तीच ना, जी वर्गाच्या दारात थांबून मला सांगून गेलीस? त्या वर्षी कार्डांना वाळवी लागली नव्हती. ती मीच रद्दीत दिली होती. तुझं शिक्षण माझ्यामुळं सुटणार होतं. चाचांनी माझी चूक झाकली. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं. एक पायली पाठवजो.’

वाचून दाखवलं. चाचांनी पुढचं नाव वाचायला सांगितलं. तो आमचा शेवटचा हिवाळा. पुढच्या पावसाळ्यात, भाताच्या रोवणीच्या दिवसांत चाचा गेले.

तिचं उत्तर मात्र कार्डं टाकली त्याच महिन्यात, चाचा असतानाच आलं होतं, मेसवरून पुढं नागपूरला धाडलेलं. जवाबी कार्ड, बारीक अक्षर, कडेपर्यंत भरलेलं.

‘सर, वाळवीचं आम्हाला तेव्हाच माहीत होतं. कार्डं लिहायला बसलो त्या पहिल्याच दिवशी संध्याकाळी मी मेससाठी डाळ आणायला बाजारात गेले, तर डाळीच्या पोत्यात खोचलेल्या पुठ्ठ्यावर एका बाजूला भाव आणि दुसऱ्या बाजूला चाचांचं अक्षर. दुकानदार म्हणाला, रद्दीवाल्याकडून घेतले, कॉलेजच्या सरांनी खोकंभर दिले. आम्ही मुलींनी सगळा बाजार पालथा घातला. अकरा सापडले. दुकानदारांना दुसरे पुठ्ठे कापून दिले आणि ते चाचांना नेऊन दिले. चाचा म्हणाले, पोरीहो, सरले सांगू नका. तो आत्ताच कुठी लिहाले शिकून राह्यला. म्हणून कुणीच बोललो नाही. तांदूळ सोमवारच्या गाडीनं पाठवला आहे. यंदा एक पायली तुमच्या नावाची जास्त आहे, मूलला जाऊन चाचांबरोबर जेवा.’

मी कार्ड हातात घेऊन बसलो होतो आणि डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, घाबरून विचारलं, कोणाचं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मूलहून बोलावणं आलंय, जेवायला.